३३ पानांचे पत्र आणि ‘थंड’ ठरवलेल्या आया

(धागा)

१/
साल १९३८. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या छोट्या गावात बीमन ट्रिपलेट नावाचे एक वकील आपल्या लेखनिकाला पत्र सांगत होते. पत्र टंकून झाले तेव्हा त्याची ३३ पाने भरली होती. विषय एकच होता : पाच वर्षांचा मुलगा डोनाल्ड. तो काय खातो, कोणते शब्द घोकतो, भांड्यांची झाकणे जमिनीवर भोवऱ्यासारखी फिरवत कसा बसतो, वडील घरी आले तरी मान वर करून कसा पाहत नाही, असा सारा तपशील त्यात होता. हे पत्र बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्याकडे गेले. स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, वैद्यकीय इतिहासात हे पत्र पहिल्या दस्तऐवजांपैकी एक मानले जाते. आईवडिलांवरील एका दीर्घ आरोपाची सुरुवातही याच पत्रापाशी होते.

२/
स्वमग्न मूल वाढवताना आईवडिलांच्या मनावर आणि त्यांच्या संसारावर काय परिणाम होतो, हा प्रश्न आज सर्रास विचारला जातो. परंतु १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे दोन दशके हाच प्रश्न उलटा विचारला जात होता : कोणत्या प्रकारच्या संसारात असे मूल निपजते? या उलट्या प्रश्नाने किती घरांत काय घडले, तो खोडून काढण्यासाठी कोण उभे राहिले आणि त्याचे अवशेष आजही कुठे सापडतात, याचा हा इतिहास.

३/
प्रथम ट्रिपलेट कुटुंब. बीमन यांचे कायद्याचे शिक्षण येल विद्यापीठात झाले होते. पत्नी मेरी या गावातील बँक चालवणाऱ्या घराण्यातील होत्या. १९३७ मध्ये, डोनाल्ड जेमतेम चार वर्षांचा होत असताना, वैद्यकीय सल्ल्यानुसार त्यांनी त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवले. आईवडिलांना महिन्यातून दोनच वेळा भेटण्याची मुभा होती. अशा मुलाला संस्थेत ठेवावे आणि आपले आयुष्य पुढे न्यावे, हाच त्या काळचा रूढ उपदेश होता. सुमारे वर्षभराने या दांपत्याने संस्थाप्रमुखाचा सल्ला बाजूला सारून मुलाला घरी आणले. ३३ पानांचे पत्र त्यानंतरचे आहे.

४/
१९४३ मध्ये कॅनर यांनी ११ मुलांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला : आठ मुलगे, तीन मुली. पहिले प्रकरण ‘डोनाल्ड टी.’ असे होते. ‘ऑटिझम’ हा शब्द त्यांनी घडवला नव्हता. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो छिन्नमनस्कतेच्या संदर्भात आधीच वापरात आणला होता. मुळाशी ‘स्वतः’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, आणि मराठीतील ‘स्वमग्नता’ त्याच अर्थाच्या वाटेने आली आहे. या मुलांची स्थिती जन्मजात असावी, असे कॅनर यांनी निबंधाच्या शेवटी स्पष्ट लिहिले. विषय तिथेच थांबला असता तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

५/
परंतु त्याच निबंधात कॅनर यांनी आईवडिलांचीही पाहणी नोंदवली होती. ही माणसे अतिशय बुद्धिमान आहेत, तपशिलांत गुंतलेली आहेत, मनापासून मायाळू म्हणावेत असे आईबाप यांत थोडे आहेत, असे त्यांचे मत होते. त्यांनी ११ दांपत्यांच्या विवाहांवरही शेरा मारला : जे संसार सुखी दिसतात तेही काहीसे थंड आणि औपचारिक आहेत, आणि तीन संसार तर साफ फसलेले आहेत. मुलांच्या वर्तनावरील एका वैद्यकीय निबंधात लग्नांचे असे मूल्यमापन यावे, ही गोष्ट त्या वेळी कुणाला खटकली नाही.

६/
येथे साधनांकडे पाहण्याची इतिहासाची शिस्त उपयोगी पडते. बाल्टिमोरपर्यंत पोहोचणारी ही कुटुंबे कोणती होती? ११ वडिलांपैकी चार स्वतः मनोविकारतज्ज्ञ होते आणि ११ मातांपैकी नऊ महाविद्यालयीन पदवीधर. दूरच्या शहरातील नामांकित तज्ज्ञाचे नाव ठाऊक असणे, तेथवर प्रवासाचा खर्च झेपणे, मुलाच्या वर्तनाची नोंद ठेवता येणे, हे ज्यांना शक्य होते तेच तिथे पोहोचले. नमुना शिकलेल्या, पैसेवाल्या घरांचाच होता आणि निष्कर्ष मात्र ‘शिकलेल्या, थंड आईबापांच्या पोटी अशी मुले येतात’ असा निघाला. यातला सर्वांत क्रूर विरोधाभास त्या ३३ पानांचा. ज्या पत्रामुळे आजाराचे वर्णन शक्य झाले, तेच पत्र वडिलांच्या तपशीलवेडाचा पुरावा म्हणून नोंदले गेले.

७/
१९४८ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने या मुलांवर लेख छापला आणि शीर्षकातच त्यांना गोठलेली मुले म्हटले. १९४९ च्या निबंधात कॅनर यांनी स्वतःच शीतकपाटाची उपमा वापरली : ही मुले जणू कधीही न वितळणाऱ्या फ्रिजमध्ये नीटनेटकी ठेवलेली होती, अशा आशयाची. महायुद्धानंतरच्या अमेरिकन मध्यमवर्गात फ्रिज हे सुस्थितीचे चिन्ह होते आणि तो स्वयंपाकघरात असे, म्हणजे बाईच्या राज्यात. उपमा आईबाप दोघांसाठी होती, पण लोकांच्या तोंडी तिचे ‘रेफ्रिजरेटर मदर’ झाले. बाप त्या शब्दातून अलगद बाहेर पडला.

८/
हा आरोप इतका सहज का रुजला? एक कारण म्हणजे त्या काळातील अमेरिकेत मनोविश्लेषणाचा दबदबा होता आणि प्रौढाच्या प्रत्येक व्याधीचे मूळ बालपणात, बालपणाचे मूळ आईत शोधले जाई. १९४८ मध्येच फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी छिन्नमनस्कता निर्माण करणाऱ्या आईची कल्पना मांडली होती. दुसरे कारण सामाजिक होते. युद्धकाळात कारखान्यांत गेलेल्या स्त्रिया पुन्हा घरी याव्यात असा दबाव होता. जी आई फार शिकलेली, फार नेटकी, फार स्वतंत्र, तिच्याकडे संशयाने पाहायला समाज तयारच होता.

९/
मराठी वाचकाला हा तर्क अनोळखी वाटू नये. मूल व्यंग घेऊन जन्मले की ‘गरोदरपणी ग्रहण पाळले नाही’ असे बाळंतिणीला ऐकवणारी घरे महाराष्ट्रात आजही आहेत. बाल्टिमोर आणि शिकागोच्या तज्ज्ञांनी ग्रहणाच्या जागी अबोध मन ठेवले. आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली ती बाई मात्र तीच होती.

१०/
या सिद्धांताचा सर्वांत प्रभावी प्रचारक म्हणजे ब्रूनो बेटलहाइम. व्हिएन्नात जन्मलेल्या या ज्यू गृहस्थाने १९३८-३९ मध्ये डाखाउ आणि बुखेनवाल्ड या नाझी छळछावण्यांतील कैद भोगली होती. १९४४ पासून जवळजवळ तीन दशके त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या ऑर्थोजेनिक स्कूलचे संचालन केले. १९६७ मध्ये त्यांचे ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ प्रसिद्ध झाले आणि गाजले. छावणीतील कैदी जसा आशा सोडून आत मिटून जातो, तसे हे मूल घरात मिटते, अशी त्यांची मांडणी होती. उपमेचा दुसरा अर्धा भाग उच्चारण्याची गरज नव्हती. मूल कैदी असेल, तर छावणीचे रक्षक कोण, हे वाचणाऱ्या प्रत्येक आईला कळत होते.

११/
त्यांच्या उपचाराचा गाभा होता मुलाला आईवडिलांपासून दीर्घकाळ तोडणे. शस्त्रक्रियेने अवयव कापावा तसे आईबापांना कापून वेगळे करायचे, म्हणून याला ‘पॅरेंटेक्टमी’ असे नावही मिळाले. १९९० मध्ये बेटलहाइम यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या शाळेतील काही माजी विद्यार्थ्यांनी तेथील मारहाणीविषयी लिहिले आणि त्यांच्या दाव्यांची व पात्रतेची कठोर चिकित्सा झाली. पण तोवर एक पिढी होरपळून निघाली होती.

१२/
या सिद्धांताने घराच्या आत काय केले? मुलावर उपचार हवे असतील तर आईनेही मनोविश्लेषण करून घ्यावे, हे मूल आपल्याला खरेच हवे होते का याचा शोध घ्यावा, अशी अपेक्षा ठेवली जाई. रात्र रात्र न झोपणारे, बोलणे थांबलेले मूल सांभाळणारी बाई आठवड्यातून ठरावीक दिवशी तज्ज्ञासमोर बसून स्वतःमधील क्रौर्य शोधत असे. २००२ मधील ‘रेफ्रिजरेटर मदर्स’ या माहितीपटात अशा वृद्ध झालेल्या माता बोलल्या आहेत. त्यांतील एक आई कृष्णवर्णीय आहे. तिला तर निदानच नाकारले गेले, कारण गोऱ्या, उच्चशिक्षित, सुखवस्तू आईच्या साच्यात ती बसत नव्हती. साच्यात बसणाऱ्या आईला दोष मिळाला आणि न बसणारीला निदानही मिळाले नाही.

१३/
वडिलांचे काय? १९५७ मध्ये कॅनर यांचे सहकारी लिऑन आयझेनबर्ग यांनी स्वमग्न मुलांच्या वडिलांवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि तेही अलिप्त, कोरडे असतात असे म्हटले. तरीही व्यवहारात वडिलांचा वाटा निराळा राहिला. ते कमावत, बिले भरत आणि अनेकदा तज्ज्ञाचे म्हणणे घरी आणत. नवराबायकोत आधीच थकवा असताना, दोघांपैकी एकाला विज्ञानाने गुन्हेगार ठरवले, तर दुसऱ्याने कोणती बाजू घ्यायची? मुलामुळे येणारा ताण आणि सिद्धांतामुळे येणारा ताण हे निराळे आहेत. त्या काळातील कुटुंबांच्या वाट्याला दोन्ही आले.

१४/
टेंपल ग्रँडिन हे नाव आज जगाला ठाऊक आहे : स्वमग्न, पशुशास्त्राच्या प्राध्यापक, जनावरांच्या गोठ्यांची रचना बदलणाऱ्या संशोधक. त्यांचा जन्म १९४७ चा, बॉस्टनचा. मुलीला संस्थेत ठेवावे असा वडिलांचा आग्रह होता. आई युस्टेशिया कटलर यांनी तो मानला नाही, वाचाउपचार आणि घरातील शिक्षण यांची व्यवस्था लावली. पुढे हा विवाह मोडला. वडिलांचे मत त्या काळच्या वैद्यकाचे होते, तर आईचे त्याच्या विरुद्ध. मुलगी कोणत्या मतामुळे घडली, हे नंतर दिसले, पण मत मांडताना त्या आईच्या हाती पुरावा काहीच नव्हता.

१५/
आता प्रतिकाराकडे. १९५६ मध्ये सॅन डिएगो येथे अमेरिकन नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांना मुलगा झाला, मार्क. तो अखंड रडे, कुणाच्या कुशीत स्थिरावत नसे. अनुभवी बालरोगतज्ज्ञालाही काही उमगेना. पत्नी ग्लोरिया यांना महाविद्यालयातील एका जुन्या पाठ्यपुस्तकात असे काही वाचल्याचे स्मरले. अडगळीतून पुस्तक निघाले आणि त्यात शब्द सापडला. मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या रिमलँड यांनी तो शब्द तोपर्यंत कधी ऐकला नव्हता.

१६/
ग्लोरियांना ‘थंड आई’ म्हटले जाणार हे दिसताच रिमलँड यांनी उपलब्ध असलेले सर्व लेखन वाचायला घेतले. नौदलाची नोकरी सांभाळून काही वर्षे ते वाचत राहिले. १९६४ मध्ये त्यांचे ‘इन्फंटाइल ऑटिझम’ प्रसिद्ध झाले. त्यांचा प्रतिवाद साधा आणि भेदक होता : त्याच आईबापांची इतर मुले सर्वसामान्य कशी असतात? अनेक स्वमग्न मुले जन्मापासूनच वेगळी कशी वागतात? मुलींपेक्षा मुलगे इतके अधिक का? आईचा थंडपणा ही कारणमीमांसा यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही. या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती खुद्द लिओ कॅनर यांनी. पुस्तकासोबत एक प्रश्नावली होती. देशभरातील पालकांनी ती भरून रिमलँड यांच्याकडे पाठवायला सुरुवात केली. एकेकट्या घरांना प्रथमच एकमेकांचे पत्ते मिळाले.

१७/
१९६५ मध्ये या पत्त्यांतून ‘नॅशनल सोसायटी फॉर ऑटिस्टिक चिल्ड्रेन’ उभी राहिली. तिच्या पहिल्या निवडून आलेल्या अध्यक्ष रूथ सलिव्हन परिचारिका होत्या आणि सात मुलांची आई. त्यांचा एक मुलगा, जोसेफ, स्वमग्न होता. स्वमग्न मुलांना सरकारी शाळेत जागा मिळावी म्हणून या संघटनेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १९७५ मध्ये अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला, त्यामागे सलिव्हन यांच्यासारख्या पालकांचे श्रम होते. दिवसातील काही तास मूल शाळेत जाऊ लागले, याचा अर्थ आईला झोप, नोकरी आणि नवऱ्याशी दोन शब्द बोलण्याची सवड मिळू लागली. संसार टिकवण्याचे काही उपाय विधिमंडळात घडतात, ते असे.

१८/
बेटलहाइम यांचे पुस्तक आले त्याच वर्षी, १९६७ मध्ये, आणखी एक पुस्तक आले : ‘द सीज’. लेखिका क्लारा क्लेबोर्न पार्क या साहित्याच्या अध्यापिका, पती डेव्हिड पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, आणि चौथे अपत्य जेसिका स्वमग्न. दोन्ही पुस्तकांच्या नावांत किल्ला आणि वेढा आहे. बेटलहाइम यांच्या पुस्तकात किल्ला रिकामा आहे आणि आईबापांना त्यापासून दूर ठेवायचे आहे. पार्क यांच्या पुस्तकात वेढा घालणारी आईच आहे. मुलीच्या शेजारी जमिनीवर बसून, इंच इंच पुढे सरकत, ती आत शिरण्याची वाट शोधते. बुद्धिमत्ता आणि तपशिलाचे भान हे आईचे दोष नसून तिची साधने असू शकतात, हे या पुस्तकाने दाखवले. जेसिका पुढे चित्रकार झाल्या.

१९/
ब्रिटनमध्ये हेच काम लॉर्ना विंग यांनी केले. त्या आणि पती जॉन, दोघेही मनोविकारतज्ज्ञ. त्यांची मुलगी सूझी १९५६ ची, म्हणजे मार्क रिमलँडच्याच वयाची. १९६२ मध्ये पालकांनी स्थापलेल्या ब्रिटिश संस्थेच्या त्या संस्थापकांपैकी एक होत्या. लंडनच्या कॅम्बरवेल भागात ज्युडिथ गुल्ड यांच्यासह त्यांनी रुग्णालयात येणाऱ्या मुलांऐवजी वस्तीतील मुलांचीच पाहणी केली. १९८० मध्ये विंग यांनी सामाजिक वर्गाचा प्रश्न पुन्हा तपासला : स्वमग्न मुले सर्व वर्गांत असतात. सुशिक्षित घरांचे प्राबल्य हा निवडीचा परिणाम होता. १९४३ च्या नमुन्यातील खोट ३७ वर्षांनी आकड्यांनिशी समोर आली.

२०/
१९६९ मध्ये वॉशिंग्टन येथे पालक-संघटनेच्या सभेत कॅनर उभे राहिले. आपण ही स्थिती प्रथमपासून जन्मजातच मानत होतो, आपले शब्द विपरीत वापरले गेले, असे त्यांनी सांगितले आणि सभागृहातील पालकांना दोषमुक्त जाहीर केले. पालकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. हा प्रसंग हृद्य आहे, पण इतिहास त्याला अर्धेच खरे मानतो. कॅनर यांनी १९४३ मध्ये जन्मजात म्हटले होते हे खरे, आणि १९४९ मध्ये फ्रिजची उपमा त्यांचीच होती हेही खरे.

२१/
शास्त्रीय निकाल १९७७ मध्ये आला. सुझान फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकबीज जुळ्यांत एक स्वमग्न असेल तर दुसरेही तसे असण्याचे प्रमाण लक्षणीय होते, द्विबीज जुळ्यांत तसे आढळले नाही. आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट झाला. त्याच सुमारास नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉप्लर, ज्यांचे शिक्षण शिकागो विद्यापीठातच झाले होते, आईबापांना सहउपचारक मानणारी ‘टीच’ ही पद्धत राज्यभर रुजवत होते. बेटलहाइम यांनी ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांना शॉप्लर यांनी आत बोलावले.

२२/
दोष गेला, पण ओझ्याने रूप बदलले. १९८७ मध्ये इव्हार लोवास यांनी आठवड्याला ४० तासांच्या वर्तनप्रशिक्षणाचे परिणाम मांडले : १९ पैकी ९ मुले सर्वसामान्य शाळेत जाऊ लागली. पद्धतीवर आणि तिच्यातील शिक्षेच्या वापरावर वाद झाले. ते बाजूला ठेवले तरी पालकांना मिळालेला संदेश असा होता की पुरेसे तास दिले तर मूल बदलेल. मग बदलले नाही तर कमी कोण पडले? १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांच्या लसीविषयीच्या निबंधाने तीच टोचणी नव्याने दिली : लस टोचायला मुलाला घेऊन गेले कोण? १२ मुलांवर बेतलेला तो निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. अपराधभाव मागे घेण्याची अशी सोय नसते.

२३/
आता त्या प्रसिद्ध आकड्याकडे : ‘स्वमग्न मुलांच्या ८० टक्के पालकांचा घटस्फोट होतो.’ हा आकडा वर्षानुवर्षे भाषणांत आणि दूरचित्रवाणीवर फिरला. त्याला भक्कम आधार कधीच नव्हता. ब्रायन फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ७७,९११ मुलांची राष्ट्रीय पाहणी तपासली. विवाहित आईवडिलांच्या घरात राहणारी स्वमग्न मुले ६४ टक्के होती, इतर मुले ६५ टक्के. दुसरीकडे, २०१० मध्ये सिगन हार्टली यांच्या अभ्यासात घटस्फोटाचे प्रमाण २३.५ टक्के आढळले, तुलनेच्या गटात १३.८. या अभ्यासातील मुले वयाने मोठी होती. इतर घरांत मूल आठेक वर्षांचे झाले की घटस्फोटाचा धोका ओसरतो. या घरांत मूल प्रौढ होईपर्यंत तो तसाच राहतो, असे त्यात दिसले. ताण खरा आहे आणि लांब पल्ल्याचा आहे. पण बहुसंख्य संसार टिकतात, हेही दोन्ही अभ्यास सांगतात.

२४/
लग्नाची भीती सर्वत्र एकसारखी नसते. मानववंशशास्त्रज्ञ रॉय रिचर्ड ग्रिंकर, जे स्वतः एका स्वमग्न मुलीचे वडील आहेत, यांनी दक्षिण कोरियात एक विलक्षण गोष्ट नोंदवली. तेथील काही माता ऑटिझमऐवजी आईच्या जवळिकीच्या अभावातून होणाऱ्या विकाराचे निदान पसंत करत. कारण ऑटिझम आनुवंशिक ठरला तर घराण्याला बट्टा, भावंडांची लग्ने अडणार. आईचा दोष ठरला तर तो एकट्या आईपुरता. जे लांच्छन पुसायला अमेरिकन मातांनी दोन दशके घालवली, ते कोरियन मातांनी कुटुंबासाठी स्वतःहून कपाळी लावून घेतले. स्थळ पाहताना घराण्यातील आजार विचारणाऱ्या आपल्या समाजाला हे गणित समजावून सांगावे लागत नाही.

२५/
भारतातही वाट पालकांनीच पाडली. मुंबईतील जय वकील शाळा १९४४ ची : जय या मुलीला डाउन सिंड्रोम होता आणि तिच्या आईवडिलांनी ती सुरू केली. स्वमग्नतेसाठी दिल्लीत १९९१ मध्ये ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ उभी केली ती मेरी बरुआ या आईने. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात ऑटिझमचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि मूल १८ वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद झाली. ‘आमच्या माघारी याचे काय?’ हा प्रत्येक घरातील प्रश्न प्रथमच कायद्याच्या भाषेत लिहिला गेला. २०१६ च्या कायद्यातील २१ अपंगत्वांत ऑटिझमला स्थान आहे.

२६/
गोव्याचा धागाही या इतिहासात आहे. ‘संगत’ या संस्थेतील गौरी दिवाण आणि सहकाऱ्यांनी गोव्यातील कुटुंबांशी बोलून २०१२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. समारंभांना जाणे थांबणे, नातेवाइकांचे टोमणे, शाळा व डॉक्टर यांच्यापाशी माहितीचा अभाव, हे त्या घरांनी सांगितले. नंतर गोवा आणि रावळपिंडी येथे ६५ मुलांवर एक प्रयोग झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आईबापांना मुलाशी संवाद साधण्याची रीत शिकवली. मुलांच्या आणि पालकांच्या परस्परसंवादात सुधारणा दिसली. तज्ज्ञ घरात आला तो चौकशीला नव्हे, मदतीला.

२७/
या इतिहासात एक आवाज उशिरा आला, खुद्द स्वमग्न माणसांचा. १९९३ मध्ये टोरांटो येथील परिषदेत जिम सिंक्लेअर यांनी पालकांना सांगितले की तुमचा शोक खरा आहे, पण तो मनात कल्पिलेल्या, कधी न जन्मलेल्या मुलाचा आहे. समोर आहे त्या मुलासाठी शोक करू नका. आपले अस्तित्व हे आईबापांच्या संसारावरील संकट म्हणूनच सदैव मोजले जावे, हे कोणत्या मुलाला आवडेल? हा धागा वाचतानाही तो प्रश्न जवळ ठेवायला हवा.

२८/
शेवटी पुन्हा फॉरेस्ट गाव. १९४२ मध्ये ट्रिपलेट दांपत्याने डोनाल्डला जवळच्याच एका निपुत्रिक शेतकरी दांपत्याकडे काही वर्षे ठेवले. मोजण्याचे वेड असलेल्या या मुलाला त्या शेतकऱ्याने नांगरताना मक्याच्या ओळी मोजायला लावले. पुढे डोनाल्ड शाळेत गेला, १९५८ मध्ये पदवीधर झाला, गावातल्या बँकेत सहा दशकांहून अधिक काळ काम केले, गोल्फ खेळला, जगभर हिंडला. १९७१ मध्ये कॅनर यांनी ११ जणांचा पुन्हा मागोवा घेतला, तेव्हा सरकारी मनोरुग्णालयांत गेलेल्या मुलांची अवस्था खालावलेली आढळली. डोनाल्डच्या नशिबी तसे आले नाही, कारण त्याच्या आईवडिलांनी १९३८ मध्ये त्याला परत आणले होते, आणि त्यांच्याजवळ पैसा, प्रतिष्ठा व एक गाव होते.

२९/
अनेक दशकांनी पत्रकार डोनाल्ड यांना शोधत गावात आले, तेव्हा त्यांना त्रास दिलात तर याद राखा, अशी तंबी गावकऱ्यांनी त्यांना दिली. जून २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, डोनाल्ड ट्रिपलेट यांचे निधन झाले. ज्या पित्याच्या पत्रात विज्ञानाने थंडपणाची खूण शोधली, त्याने त्या ३३ पानांत आपला मुलगा काय खातो, काय पाहतो, कशाने हसतो, हे सारे लिहून ठेवले होते.

(धागा समाप्त)